घोडीची मच्छरदाणी

मला कोणी विचारलं, तुला सवत होती का, तर मी होती म्हणून सांगते. पांढरी, चार पायांची, आणि नखरे असे की विचारू नका. नाव सुलक्षणा. कांदिवलीला पोईसरच्या अंगाला तेव्हा म्हशींचे तबेले होते. त्यातल्या एकाच्या कडेला पत्र्याचं छप्पर होतं, त्याच्याखाली ती राहायची, आणि माझा नवरा तिच्याजवळ राहायचा. मी चाळीतल्या खोलीत एकटी. आता ह्याला सवत म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

आमचे हे, म्हणजे गुणाजी, परळला गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. संप झाला, लांबला, आणि एक दिवस कळलं की गिरणी आता उघडतच नाही. मग जो तो आपापल्या मार्गाला लागला. चाळीत कोणी रिक्षा घेतली, कोणी भाजीची गाडी लावली. ह्यांनी घोडी घेतली. लग्नात नवऱ्या मुलाला बसवून मिरवतात ना, ती घोडी. ह्यांच्या गावचा सीताराम मास्तर बँड चालवायचा, त्याने हे ह्यांच्या डोक्यात भरवलं. बोरिवली-कांदिवलीला गुजराती लोक खूप, प्रत्येकाला लग्नात घोडी हवी, बँड माझा नि घोडी तुझी, झकास चालेल म्हणाला. जन्म गेला सुताच्या धाग्यात, घोडीची शेपटी कुठल्या बाजूला असते तेवढंच माहीत, पण ह्यांना ते पटलं.

मी आडवी गेले नाही, हे आधीच सांगते. गिरणी बंद पडल्यावर हा माणूस कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून बसायचा. चहा ठेवला तर गार व्हायचा. त्यापेक्षा घोडी बरी, म्हटलं. ती आली तेव्हा मीच तिच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, गूळ भरवला. सवतीला ओवाळून घरात घेणारी मी एकटीच असेन.

पहिला टोला बसला तो नावावरून. घोडीचं आधीच्या मालकाकडचं नाव बिजली होतं. हे म्हणाले, हे असलं नाव नको, आपण बदलू. आणि दोन दिवस विचार करून सुलक्षणा नाव काढलं. किती विचार केला असेल बघा. आमच्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं सासरचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा भटजी विचारतात, नाव काय ठेवायचं, आणि हे म्हणतात, काय ते, राहू दे शेवंतीच. माझ्या आतेने नावं सुचवली, उत्तरा ठेवा, पद्मजा ठेवा. नाही. राहू दे तेच. मला तेव्हा वाटलं होतं, नवऱ्याला माझं नाव आवडलं. आता कळलं की त्यांना कंटाळा आला होता. घोडीच्या वेळी आला नाही.

बरं, नाव सुलक्षणा पण लक्षण एकच, हळवेपणा. तिचं कातडं असं पातळ की पांढऱ्या केसांखालून गुलाबी दिसायचं. माशी बसली की सबंध अंग शहारायचं. होळी झाली, ऊन तापलं, आणि तबेल्यात त्या चावऱ्या माशा सुरू झाल्या. साधी घरातली माशी नाही हो. ही दिसायला तशीच, पण डसते, रक्त काढते. म्हशींना काही वाटायचं नाही, त्या डबक्यात बसायच्या नि शेपटी हलवायच्या. ह्या बाईसाहेबांना मात्र एक माशी चावली की हाताएवढी गांध उठायची. पोटाला, पायांना, कानाच्या मागे. मग पाय आपट, मान झटक, खाणं बंद. हे दिवसभर टॉवेल घेऊन तिच्याभोवती. गोवऱ्यांचा धूर कर, कडुनिंबाचा पाला जाळ, टॉवेलने माशी मार. उजाडलं की लगेच माशा येतात म्हणून मग तिथेच झोपायला लागले. घरी यायचे ते जेवायला, ते पण पाच मिनिटं. अंगाला धुराचा वास, डोळे लाल, आणि तोंडात तिचंच नाव.

मे महिन्यात सासूबाई पोरांना घेऊन गावी गेल्या. आता हे नीट ऐका, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल. आमची एकच खोली. सासूबाई, दोन पोरं नि आम्ही दोघं. लग्न झाल्यापासून त्या खोलीत आमचं असं जे काही होतं, ते मच्छरदाणीच्या आत. मच्छरदाणी खाली सोडली की आमचं घर सुरू, वर घेतली की सगळ्यांचं. लग्नानंतर ह्यांनीच आणली होती, जाड सुताची, चांगल्या विणीची. विणकराने पारखून घेतलेली. कुठे उसवली की मी लगेच टाका घालायचे. आणि त्या वर्षी पहिल्यांदा सबंध खोली रिकामी होणार होती. सासूबाई म्हणाल्या, तू पण चल. मी म्हटलं, नको, ह्यांच्या जेवणाचं कोण बघणार. जेवणाचं. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. मी नवीन उशीचे अभ्रे शिवले होते, लपवून ठेवलेले.

गाडी गेली त्याच दुपारी हे घरी आले, स्टुलावर चढले, आणि मच्छरदाणीच्या दोऱ्या सोडायला लागले. मला वाटलं, धुवायला काढतात. मी आपली खुळ्यासारखी खाली उभी राहून गोळा करत होते. म्हटलं, कशाला काढताय? तर म्हणाले, सुलक्षणेला अंगरखा शिवतो, माशा आत जाणार नाहीत. असं म्हणाले, जसं काही मीठ मागायला आलेत.

मी म्हटलं, आणि आम्ही?

"तिचा कातडा पातळ आसा गो," हे म्हणाले. "तिका सोसणा नाय."

"आणि माजा काय म्हशीचा आसा?"

त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, माझ्या हाताकडे, जसं काही कापडाचा पोत बघतात. आणि म्हणाले, तुला सवय आहे. मच्छरदाणी काखोटीला मारून गेले.

सवय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी चुलीवरचं कालवण तसंच उतरवून ठेवलं, ह्यांना जेवायला बोलावणं पाठवलं नाही. ह्यांनी विचारलंसुद्धा नाही. तबेल्यातल्या दूधवाल्याकडे भाकरी खाल्ली असणार.

शिवला अंगरखा. शिवणार कसा नाही, गिरणीतला माणूस, कापड हातात आलं की ह्यांचे डोळे चमकतात. मानेपासून शेपटीपर्यंत मापात बसवला, पोटाखाली बंद लावले, कानांना वेगळ्या टोप्या. आणि उरलेल्या पट्टीचे धागे सोडवून, पिळून, त्यांची झालर केली आणि ती कपाळावर बांधली, डोळ्यांवर माशा बसू नयेत म्हणून. शेजारची कुंदा दूध आणायला तबेल्यात गेली होती, ती पोट धरधरून हसत आली. म्हणाली, शेवंते, जाऊन बघ गं, तुझ्या नवऱ्याने घोडीला मुंडावळ्या बांधल्यात. अंतरपाट पण तुमच्या मच्छरदाणीचा. अक्षता तेवढ्या राहिल्यात.

कुंदा काही वाईट बाई नाही. पण तिचं बोलणं माझ्या नाकाला मिरच्या लावून गेलं. मी हसले. हसावंच लागतं. आणि संध्याकाळी दूध आणायच्या निमित्ताने मी स्वतः गेले.

मी आले ते ह्यांना कळलं नाही. पाठमोरे होते. घोडी जाळीत उभी, पांढऱ्यावर पांढरं, कपाळावर त्या झालरी. आणि हे तिच्या मानेवर हात ठेवून तिच्या कानात बोलत होते. माजे बाय, म्हणत होते. माजे बाय, उगी रव. ह्या माणसाच्या तोंडात बाय हा शब्द आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मला शेवंती म्हणतात, रागात शेवंते म्हणतात, आणि बहुतेक वेळा नुसतं अगो म्हणतात. मी दूध न घेता परत आले. वाटेत रडू आलं, ते कुंदाला दिसू नये म्हणून नाल्याच्या कडेने लांबून आले. घोडीवर जळते, असं कोणाला सांगणार? लोक हसतील. दुसरी बाई असती तर तिच्या दारात जाऊन तोंड तरी वाजवता आलं असतं.

मग पोईसरचे मच्छर. त्यांनी मला धरून खाल्लं. हात, पाय, मान, सगळीकडे चट्टे, आणि मी खाजवून खाजवून त्यांची सालं काढलेली. एकदा हे जेवायला आले तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. म्हणाले, हे काय झालं तुला? मी म्हटलं, सवय झाली. तर त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि चट्ट्यांवरून तळवा फिरवला. एवढ्या दिवसांनी हात धरला, आणि मी ओरडून हात मागे घेतला. आग आग झाली नुसती. ह्यांचा चेहरा उतरला. उठून गेले.

मी हात धुतला, नळाखाली धरून बसले, आणि मग डोक्यात आलं. चुना. ह्यांना तंबाखूचं व्यसन गिरणीपासूनचं. डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना, उजव्या अंगठ्याने मळायचं, वर दोन थापट्या, तोंडात टाकलं की हात धोतराला नाहीतर पँटीला पुसायचे. धुवायचं नाव नाही. सोललेल्या कातड्यावर तो हात पडला की झोंबणार नाही तर काय.

त्या वेळी मला घोडीची आठवण आली नव्हती. माझंच दुखत होतं.

इकडे ह्यांच्या अंगरख्याचा घोटाळा झाला होता. माशा खालून पायांशी चावायच्या त्या चावायच्याच, आणि ज्या पोटाखालून आत शिरायच्या त्यांना बाहेर पडता यायचं नाही. जाळीच्या आत घोडी आणि माशा. मग ती अशी उधळायची की बंद तुटायचे. आणि एका लग्नात वाट लागली. बोरिवलीला वरात निघालेली, नवरा मुलगा तलवार धरून बसलेला, रस्त्यात रसवंतीचं दुकान, तिथे माशांचं मोहोळ. सुलक्षणा दोन पायांवर उभी राहिली. मुलगा पडला नाही, आयाळ धरून लोंबकळला, पण त्याचा फेटा गटारात गेला. मुलाकडच्या बायकांनी अपशकुन म्हणून रडारड केली. सीताराम मास्तर दुसऱ्या दिवशी चाळीत आले, आणि ह्यांना सरळ सांगितलं. वैशाखातलं शेवटचं मोठं लग्न आहे महावीर नगरला, तेवढं तुझ्या घोडीला देतो, गावचा म्हणून. तिथे काही झालं तर पुढच्या वर्षी वाकोल्याची घोडी आणणार. ती दगडासारखी उभी राहते.

मास्तर गेले. हे खाली बसले. आणि बसले ते कसे, तर भिंतीकडे तोंड करून.

मला ते बसणं माहीत होतं. चहा केला, ठेवला, आणि तो गार होताना बघितला. खरं सांगते, सीताराम मास्तर बोलत होते तेव्हा क्षणभर माझ्या मनात आलं होतं, जाऊ दे, पीडा टळली. पण घोडी गेली तर माझा नवरा मला परत मिळणार नव्हता. मला ही भिंतीकडे बघणारी पाठ मिळणार होती. ती मी एकदा सांभाळली होती. परत नको. मला माणूस हवा होता, तोंड माझ्याकडे असलेला. आणि तो त्या मेलीच्या ताब्यात होता, तर त्या मेलीला बरं केल्याशिवाय तो सुटणार नव्हता.

माझ्या माहेरी बैल होते. बापूस गोठ्यात करंजेल ठेवायचा, करंजाच्या बियांचं तेल. पावसाआधी माशा वाढल्या की बैलांच्या पायांना, पोटाला चोळायचं. कडू वास, पण माशी जवळ येत नाही. ही गोष्ट कोकणातलं शेंबडं पोर सांगेल. ह्यांनी मला विचारलं असतं तर पहिल्या दिवशी सांगितली असती. विचारलं नाही. आणि न विचारता सांगायला मी काही तिची दाई नव्हते. सासूबाईंनी खरजेसाठी गावाहून आणलेली बाटली फळीवर होतीच. खोबरेल घालून पातळ केलं, आणि दुसऱ्या सकाळी पदर खोचून तबेल्यात गेले.

हे म्हणाले, कशाला आलीस, ती कोणाला जवळ येऊ देत नाही. मी म्हटलं, तुम्ही बाजूला व्हा, आंघोळ करून या, वास मारताय. गेले बिचारे.

आधी मी दूधवाल्याशी भांडले. शेणाचा ढीग घोडीच्या डोक्याशी, ओलं गवत तिच्या पायाखाली, माशा काय आकाशातून येतात? तो म्हणाला, तबेला आहे बाई, देऊळ नाही. मी फावडं उचललं आणि शेण त्याच्या खाटेकडे टाकायला लागले, तेव्हा हलवला त्याने ढीग. मग जमीन कोरडी केली, राख पसरली. मग तिच्याकडे वळले.

अंगरखा सोडला. माझीच मच्छरदाणी, माझेच टाके त्यात दिसत होते. जाळीखाली तिचं अंग बघितलं आणि हात थांबला. चट्टे. काही जुने, काही ताजे, काही घासून घासून सोललेले. हुबेहूब माझ्या हातासारखे. मी माझा हात तिच्या मानेशी धरून बघितला. तिला म्हटलं, बघ गं, आपल्या दोघींची मच्छरदाणी एकच नि दशा पण एकच. ती कान मागे टाकून उभी होती, चावायच्या बेतात. मी हात धुतलेले होते. तेलाचा हात हळूच खांद्यावर ठेवला, ती थरथरली. पण हलली नाही. खांदा झाला, पोट झालं, पाय झाले. पोटाशी पोहोचले तेव्हा तिने लांब श्वास सोडला आणि खालचा ओठ लोंबता सोडला, म्हातारीला झोप लागते तसा. मला हसू आलं. राग होता तो होताच, पण हसू आलं.

हे आंघोळ करून आले. तंबाखू मळत आले. थापट्या मारल्या, तोंडात टाकलं, आणि आनंदाने तिच्या मानेवर हात फिरवायला गेले. नेमका त्या सोललेल्या जागेवर. घोडी अशी दचकून बाजूला झाली, माझ्याकडे सरकली. माझ्या अंगावरच आली म्हणा ना.

मला त्या क्षणी सगळं उमगलं. इतके दिवस हा माणूस माजे बाय, माजे बाय करत तिच्या जखमांना चुना लावत होता. प्रेमाने.

सांगणार होते. तोंड उघडलं होतं. पण ह्यांचा चेहरा बघितला. माझ्याकडे बघत होते, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे. तो चेहरा मी ओळखत होते, कारण महिनाभर आरशात तोच बघत होते. मी तोंड मिटलं. म्हटलं, जरा बघू दे ह्यांना पण कसं वाटतं ते.

मग मी रोज जायला लागले, सकाळ-संध्याकाळ. माशा कमी झाल्या, गांधी बसल्या, खाणं वाढलं. माझा आवाज आला की ती खिंकाळायची. मी डाव्या बाजूला गेले की मान डावीकडे, उजवीकडे गेले की उजवीकडे. आणि हे जवळ आले की कान मागे. ह्यांनी गूळ दिला, घेतला नाही. चणे दिले, माझ्याकडे बघितलं. मी तेच चणे माझ्या हाताने दिले, खाल्ले. हे म्हणाले, काय जादू केलीस? मी म्हटलं, मला काय माहीत, तिचं कातडं पातळ आहे, माणूस ओळखते.

बोलायचे नाहीत, पण जळत होते. मी आल्यावर मुद्दाम बादल्या आपटायचे. मी तिच्याशी बोलायला लागले की मध्येच म्हणायचे, उशीर झाला, जा आता घरी. कुंदा एकदा माझ्याबरोबर आली तर तिला म्हणाले, हल्ली हिचं घरात लक्ष नाही. कुंदाने माझ्याकडे बघून डोळा मारला. आणि एका सकाळी करंजेलाची बाटली बरीच उतरलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाले, सांडलं असेल. पण ह्यांच्या शर्टाला, मानेला, केसांना, सगळीकडून तोच कडू वास. माणसाने आंघोळ केली होती त्या तेलात. मला वश करायला साधा गजरा आणला नाही कधी, आणि त्या घोडीला आवडावं म्हणून ह्या माणसाने माझा वास चोरला. तरी घोडी वळली नाही. वळणार कशी, तेलाच्या हातावरच तंबाखू मळत होते. मी तोंडावर पदर धरून बाहेर गेले.

महावीर नगरचं लग्न आलं. संध्याकाळची वरात. घोडीवर जरीची झूल, गळ्यात घुंगरू, आणि झुलीच्या खाली पायांना, पोटाला माझं तेल, वर गुलाबपाणी शिंपडलेलं, वास मारू नये म्हणून. ह्यांनी लगाम धरला. तिने मान झटकली. परत धरला, मागे सरकली. नवरा मुलगा खालीच उभा, त्याची आई घाबरलेली, त्या बोरिवलीच्या फेट्याची गोष्ट तिच्या कानावर गेली असणार. सीताराम मास्तर घामाघूम. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि मला बोलावलं. म्हणाले, वहिनी, तुम्ही धरा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी लगाम माझ्या हातात दिला. डोळे खाली. मग जाऊन दिव्याच्या बत्त्या वाहणाऱ्या बायकांच्या मागे चालायला लागले.

आणि मी ती वरात नेली. बँड वाजतोय, फटाके, नाचणारी माणसं, रस्त्यात दोन रसवंत्या नि एक मिठाईचं दुकान, आणि सुलक्षणा माझ्या खांद्याशी तोंड ठेवून चालतेय, लेक सासरी निघावी तशी शहाण्यासारखी. लोक घोडीपेक्षा मलाच बघत होते, बाई लगाम धरून चाललीय म्हणून. मी मान ताठ केली. मध्येच वळून बघितलं तर बत्तीच्या उजेडात ह्यांचं तोंड दिसलं. इतका हिरमुसलेला माणूस मी वरातीत पहिल्यांदाच बघितला. मुलीचा बाप सुद्धा एवढा पडलेला नसतो.

मास्तर खूश. पुढच्या वर्षीचं पक्कं, म्हणाले. वाकोल्याच्या घोडीचं नाव कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत मच्छरदाणी बांधत होते. अंगरख्याची गरज उरली नव्हती, म्हणून मी तो उसवून, उकळत्या पाण्यात धुऊन, परत जोडला होता. कानांच्या टोप्यांची ठिगळं मधोमध आली, इलाज नव्हता. तेवढ्यात हे दारात आले. जेवणाची वेळ नव्हती. खाली बसले, भिंतीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून.

"घोडी माका हात लावूक देणा नाय," म्हणाले. "तुका देता."

मी दोरीला गाठ मारत राहिले.

"मी तेल पण लावून बघलंय," हळू आवाजात म्हणाले. "होऊक नाय. तिका तुजोच वास व्हयो."

काय तो चेहरा. गिरणी बंद झाल्यावर कोणाला एक शब्द बोलला नाही हा माणूस, मला तर नाहीच. आणि आता बायकोसमोर बसून सांगत होता की मला कोणीतरी जवळ करत नाही. मला दया आली, आणि दयेच्या खाली तोच जुना राग पण होता. तिच्यासाठी आलाय, माझ्यासाठी नाही. मी मच्छरदाणी खाली सोडली, कडा गादीखाली खोचल्या, नवीन अभ्र्यांच्या उशा ठेवल्या. मग म्हटलं,

"मगे माज्या बाजूक येवन निजा. वास लागतलो तुमका."

हे बघतच राहिले. मी पुढे सांगितलं, रोज निजायला हवं, एका दिवसात काही लागत नाही. आणि तंबाखूचा हात घेऊन माझ्या मच्छरदाणीत यायचं नाही. तंबाखूचा वास वरचढ होतो, माझा लागणारच नाही. घोडीकडे जातानाही तेच. हात साबणाने धुवायचे, मनगटापर्यंत, मगच.

"खरा?" त्यांनी विचारलं.

"खरा तर काय."

उठले. मोरीत गेले. साबण घासल्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता. मग आले, ओले हात शर्टाला पुसत, मच्छरदाणीची कड उचलून आत आले, नि माझ्याकडे तोंड करून पडले. माझ्या हातावरचे चट्टे बघितले, त्यावर तळवा ठेवला. झोंबलं नाही. काही वेळाने म्हणाले, मच्छरदाणीक अजून तिचोच वास येता गो. मी म्हटलं, गप निजा.

आठवड्याभरात सुलक्षणेने ह्यांच्या हातून गूळ घेतला. हे पळत घरी आले सांगायला. पोरं गावाहून आली, सासूबाई आल्या, पाऊस सुरू झाला, तरी हे रोज घरीच निजायला यायचे, हात धुऊन. पुढे घोडी म्हातारी झाली, विकली नाही, आमच्याकडेच तिने डोळे मिटले. ह्यांना अजून वाटतं, ती माझ्या वासाने वळली. चुन्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही.